त्रिविक्रमरावांचा नवा कान

सत्यवतीबाईंची अक्षरं पाटीवर एकमेकांच्या अंगावर चढायला लागली, तेव्हा त्रिविक्रमरावांनी ठरवलं की आता कानाचं काहीतरी केलंच पाहिजे.

त्याआधीची नऊ वर्षं चामराजपेठेतलं ते घर पाटीवर चाललं होतं. पुढच्या खोलीच्या दारामागे खिळ्याला एक दगडी पाटी लटकत असे, आणि त्रिविक्रमरावांना काही सांगायचं झालं की जो तो ती काढून लिहीत असे. मुलगा रघुनंदन कारखान्यातून आला की लिहायचा, ‘बस चुकली.’ सून राजलक्ष्मी बँकेतून आली की लिहायची, ‘पान वाढलंय.’ दोघांची वाक्यं तीन शब्दांपुढे जात नसत. घरात कुणी आलं, हसणं झालं, वादावादी झाली, की त्रिविक्रमराव पाटी पुढे करत. त्यावर एकच उत्तर ठरलेलं होतं, ‘काही नाही.’ चार माणसं पंधरा मिनिटं हात हलवून बोलतात आणि ते म्हणे काही नाही! सुरुवातीला त्यांना राग यायचा. पुढे पुढे त्यांनी पाटी पुढे करणंच सोडलं, आणि राग तेवढा राहिला.

सगळं लिहायच्या त्या फक्त सत्यवतीबाई. शाळा चौथीपर्यंतच, पण लिहायचा कंटाळा नाही. संध्याकाळी काम आवरलं की त्या पाटी मांडीवर घेऊन बसत. समोरच्यांच्या मुलीला बघायला आलेल्यांपैकी कोण काय बोललं, कुणाच्या घरचं सारू पाण्यासारखं झालं होतं, रघुनंदनाचं आणि राजीचं कशावरून बिनसलंय, हे सगळं पाटीवर यायचं. भरली की पुसायची, पुन्हा भरायची. नऊ वर्षांत त्रिविक्रमरावांना जगाची खबर मिळाली ती एवढ्याच वाटेनं.

मग सत्यवतीबाईंच्याच डोळ्यांत काचबिंदू निघाला. थेंब घालत होत्या, पण नजर कडेकडेनं आक्रसत चालली होती. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी पाटी पुढे केली, तर तिसरी ओळ पहिलीवर बसलेली. त्रिविक्रमरावांनी ती बराच वेळ उलटसुलट करून पाहिली. सत्यवतीबाई त्यांच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत उत्तराची वाट पाहत होत्या.

“सरी, सरी,” ते कानडीत बरं-बरं म्हणावं तसं म्हणाले. काय सरी, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तिला ऐकू येतं, दिसत नाही. आपल्याला दिसतं, ऐकू येत नाही. आपण बोललेलं तिला कळेल. ती बोललेलं आपल्याला कधीच कळणार नाही. हा हिशेब त्यांनी त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या दोनतीनदा करून पाहिला. उत्तर बदललं नाही.

*

ज्या माणसानं उभा जन्म कानावर काढला, त्याच्यावर ही पाळी यावी, याची त्यांना चीड होती. आनेकलहून सोळाव्या वर्षी ते शहरात आले, अव्हेन्यू रोडवरच्या एका संस्थेत टायपिंग आणि लघुलिपी शिकले आणि अठरा कचेरीत, म्हणजे हायकोर्टात, लघुलेखक म्हणून लागले. पस्तीस वर्षं न्यायाधीश बोलत आणि त्रिविक्रमराव लिहीत. वकील एकमेकांवर ओरडत तेव्हाही त्यांची पेन्सिल अडत नसे. नवशिक्यांना ते सांगायचे, “शब्द लिहायचा नाही, आवाज लिहायचा. समजून घ्यायला थांबलात की मेलात. अर्थ नंतर, टाइप करताना.”

निवृत्तीनंतर ऐकणं कमी होत गेलं. यंत्रं आली. आधी एका कानाला, मग दोन्ही कानांना. ती शिट्या मारत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तर शिट्याही ऐकू येईनाशा झाल्या. उरली ती डोक्यात अखंड चाललेली किरकिर. ओठ वाचायला शिका म्हणून कुणीतरी सांगितलं, पण सत्यवतीबाईंच्या तोंडात दात नव्हते आणि रघुनंदनाच्या मिशा ओठांवर उतरलेल्या. वाचायचं काय?

विचारलेलं ऐकू यायचं नाही, म्हणून उत्तर भलतंच जायचं. उत्तर भलतंच गेलं की माणसं एकमेकांकडे बघायची. शहाण्णव साली रघुनंदन त्यांना एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. कशासाठी, ते पाटीवर लिहिलं नाही. डॉक्टरांनी समोर बसवून काहीतरी विचारलं. त्रिविक्रमराव गप्प. आणखी काहीतरी विचारलं. त्रिविक्रमराव म्हणाले, “मला ऐकू येत नाही.” डॉक्टरांनी मान डोलावली आणि आणखी विचारलं. घरी आल्यावर कागद त्यांच्या हाती लागला. स्मरणशक्ती क्षीण, तीसपैकी सहा.

“अरे, प्रश्न तोंडी विचारले त्यानं!” ते रघुनंदनावर ओरडले. “लिहून दे म्हणावं! तीसच्या तीस देतो!”

रघुनंदननं पाटी काढली. लिहिलं, ‘शांत व्हा, अण्णा.’

*

कानात आतून यंत्र बसवतात, नस जिवंत असेल तर ठार बहिऱ्यालाही ऐकू येतं, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. ते कात्रण त्यांनी वहीत चिकटवलं आणि रघुनंदनच्या मागे लागले.

पहिल्या दवाखान्यात वय विचारलं. “त्र्याऐंशी,” रघुनंदननं सांगितलं, आणि डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पुढचं सगळं बोलणं ते रघुनंदनशी बोलले. त्रिविक्रमराव मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी रिक्षात विचारलं, “काय म्हणाला?”

रघुनंदननं तळहातावर बोटानं लिहिलं, ‘लहान मुलांसाठी आहे ते.’

“मी पण पैसे देऊनच घेणार आहे ना? मुलांच्या हातातलं ओढून घेतोय का?”

दुसऱ्या दवाखान्यातले सर्जन तरुण होते. त्यांनी खुर्ची वळवून त्रिविक्रमरावांच्या समोर घेतली, कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरांत कानडीत लिहिलं: ‘वय ही अडचण नाही. छाती, रक्तदाब चांगला आहे. नऊ वर्षं कान गप्प आहे, ही अडचण. जितके थांबाल तितकी ती वाढेल. तुम्ही सत्तरहून जास्त वर्षं भाषा ऐकली आहे, ती डोक्यात आहे. तिथवर नुसता आवाज पोहोचवायचा आहे.’

त्रिविक्रमरावांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. नऊ वर्षांत त्यांना कुणी एवढं सविस्तर उत्तर दिलं नव्हतं.

खर्च मोठा होता. हेब्बाळला त्यांनी फार पूर्वी घेतलेली एक साइट होती. तिथे आधी नुसती शेतं होती, आता आजूबाजूला घरं उठायला लागली होती. रघुनंदन तिथे निवृत्तीनंतर घर बांधणार, असं घरात सगळे धरून चालले होते. त्रिविक्रमरावांनी ती विकली. कागदावर सही करून आल्यावर सांगितलं.

राजलक्ष्मी दोन दिवस बोलली नाही, म्हणजे तिनं काही लिहिलं नाही. रघुनंदननं मात्र आयुष्यात पहिल्यांदा पाटी दोन्ही बाजूंनी भरली. ‘अण्णा, या वयात डोक्याला भोक पाडून घेऊन किती दिवस ऐकणार आहात? आणि काय ऐकायचं राहिलंय?’

“तुझ्या आईचं बोलणं,” त्रिविक्रमराव म्हणाले.

रघुनंदन खडू ठेवायला वळला. मग पाटी खिळ्याला लावून आत गेला.

*

ऑपरेशन नीट झालं. अठ्ठ्याण्णवचा ऑगस्ट होता. चौथ्या दिवशी ते घरी आले, टाके सुकले, आणि सप्टेंबरच्या शेवटी यंत्र सुरू करायला बोलावणं आलं. शिकवायला नेमलेल्या मुलीचं नाव सुप्रीता. वेणी घातलेली, जेमतेम पंचवीस वर्षांची, कानडी बोलणारी. तिनं त्यांच्या कानामागे लोहचुंबकाची चकती चिकटवली. चकतीतून वायर निघून सिगारेटच्या पाकिटाएवढ्या एका पेटीत जात होती. पेटी चामड्याच्या पाकिटात घालून तिनं त्यांच्या खिशात ठेवली आणि संगणकाची बटणं दाबायला सुरुवात केली.

ठक. ठक. किर्र.

आवाज! नऊ वर्षांनी आवाज! त्यांनी रघुनंदनचं मनगट धरलं.

रघुनंदननं वाकून काहीतरी म्हटलं. पत्र्याच्या डब्यात बदकं कोंडून कुणीतरी डबा हलवावा, तसं ऐकू आलं. सुप्रीता काहीतरी म्हणाली. पुन्हा बदकं, जरा बारीक. पंखा, खुर्ची, खोकला, सगळं त्याच डब्यातून येत होतं. यासाठी हेब्बाळची साइट?

सुप्रीतानं लिहून दिलं, ‘अज्जा, आजचा आवाज खरा नाही. डोकं हळूहळू शिकेल. पेटी लावून ठेवा. घरच्यांनी भरपूर बोलायला हवं.’

पण घरात बोलायचं कोण? राजलक्ष्मी सवयीनं दारामागे हात घालून पाटीच काढायची.

“बोल ना, राजी! लिहू नकोस!”

ती तोंड मोठं करून बोलायची. बदकं. “परत?” बदकं. तिसऱ्यांदा ती पाटी घ्यायची. “अण्णा, लिहिलं की पटकन होतं हो,” असं ती म्हणते, हेही तिनं लिहिल्यावरच कळायचं. रघुनंदन संध्याकाळी टीव्हीसमोर बसून ओरडायचा. टीव्ही, कुकर, बाहेरची रिक्षा आणि रघुनंदन यांची मिळून एकच भिंत व्हायची आणि ती त्रिविक्रमरावांच्या डोक्यावर कोसळायची. साडेआठला ते चकती काढून ठेवत आणि शांततेत हुश्श करत. ती शांतता आता बरी वाटते, याचाच त्यांना संताप यायचा.

महिन्यानं चाचणी झाली. ओठ दिसू नयेत म्हणून सुप्रीता तोंडापुढे कापड ताणलेली गोल चौकट धरून शब्द म्हणायची. वीसपैकी दोन. आणखी महिन्यानं, वीसपैकी तीन. त्या दिवशी तिच्या विभागाचे मोठे साहेब आले, कागद बघून रघुनंदनशी काहीतरी बोलले आणि गेले. काय बोलले असतील ते ओळखायला कानाची गरज नव्हती. नुसता खांद्यांचा झटका पुरेसा होता.

सुप्रीता मात्र कागदाकडे बघत बसली. मग तिनं रघुनंदनला विचारलं, “दिवसातून किती वेळ लावतात?”

“दिवसभर,” रघुनंदन म्हणाला. तो स्वतः दिवसभर कारखान्यात असे.

तिनं तोच प्रश्न लिहून त्रिविक्रमरावांपुढे ठेवला. ते म्हणाले, “दुपारची झोप झाली की, चार वाजल्यापासून साडेआठपर्यंत.”

‘आणि सकाळी?’ तिनं लिहिलं.

“सकाळी कसं लावणार? सोवळं असतं.”

सुप्रीतानं पेन खाली ठेवलं. “मडी!” ती सोवळ्याचा कानडी शब्द उच्चारून म्हणाली, आणि कपाळावर हात मारला. त्यांच्याही घरी आजी होती, ओल्या लुगड्यात स्वयंपाक करणारी आणि नातवंडांना चार हात लांब उभं करणारी. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं.

‘चामड्याचं पाकीट आहे म्हणून का, अण्णा?’ रघुनंदननं लिहिलं. ‘कापडाचं शिवू.’

“चामड्याचं सोड. ती पेटी दवाखान्यातल्या दहा हातांतून आली. भिजवता येत नाही, धुता येत नाही. ती अंगावर घेऊन देवाला कसा शिवू?”

सुप्रीतानं कागद ओढला आणि एकामागून एक प्रश्न लिहिले. सकाळी घरात कोण असतं? मी आणि ही. बाकीचे? सातला जातात. टीव्ही? बंद. अम्मा बोलतात? “सोवळ्यात स्वयंपाक करताना सारखी स्तोत्रं म्हणत असते. ओठ हलत असतात. पहाटेपासून बारापर्यंत.”

सुप्रीता हसली, मग तिला रागच आला. पाच तास शांत घर, एकच आवाज, तोही साठ वर्षांच्या ओळखीचा, आणि नेमके तेच पाच तास हे गृहस्थ पेटी कपाटात ठेवतात! तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘अज्जा, देवाला ऐकू येतं. तुम्हाला येत नाही. पूजा लवकर आटोपा.’

*

जन्मात पहिल्यांदा त्रिविक्रमरावांनी पूजा अर्ध्या तासात उरकली. मग सोवळं उतरवून साधं धोतर नेसले, पेटी लावली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसले. आत सत्यवतीबाई हातांच्या अंदाजानं भाजी चिरत होत्या. त्यांना नीट दिसलं नसणार, पण कळलं. ओवळा नवरा सकाळी सात वाजता उंबऱ्याशी! त्यांनी विळी जरा आत ओढून घेतली, ओठ आवळले, आणि थोड्या वेळानं ओठ पुन्हा हलायला लागले.

बदकंच होती. पण आज एकटंच बदक होतं.

दुसऱ्या दिवशी त्रिविक्रमराव वही आणि पेन्सिल घेऊन बसले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अर्थ लागत नाही ना? न लागो. आवाज लिहायचा. एक बारीक, एक जाड, एक वळलेली, रेघांमागून रेघा. हात अठ्ठावीस वर्षांनी चालत होता. दुपारी त्यांनी त्या रेघा वाचून पाहिल्या. काही निघालं नाही.

चौथ्या दिवशी मोहरीचं तडतडणं वेगळं निघालं. सहाव्या दिवशी नळ. आठव्या दिवशी रेघांमधून एक शब्द उठून उभा राहिला, ‘तूप’. त्रिविक्रमरावांनी तो तीनदा गिरवला. मग रोज दोन, रोज चार. डोक्यातली जुनी किरकिरही पेटी लावल्यावर मागे सरते, हे त्यांच्या लक्षात आलं. बदकाचा आवाज माणसाचा व्हायला लागला होता. नक्की केव्हा झाला, ते त्यांना सांगता आलं नसतं.

मग एका दुपारी वही वाचताना ते अडखळले. रेघा साफ होत्या, हे-ब्-बा-ळ. मागची पानं चाळली. काल हेब्बाळ. परवा हेब्बाळ, दोनदा.

कुठल्या स्तोत्रात हेब्बाळ येतं?

त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून, कचेरीत करायचे तसं, पुढचं-मागचं जुळवत वाचायला घेतलं. संध्याकाळपर्यंत बरंच हाती लागलं. ‘हेब्बाळची साइट विकली. एका शब्दानं विचारलं नाही.’ ‘रघूचं तोंड उतरलं ते कुणाला दिसलं?’ ‘माझ्या दादाच्या लग्नाला आनेकलला सोडलं नाहीत, कचेरी कचेरी म्हणत.’ ‘ऐंशी वर्षांचं सोवळं त्या डबीपायी सोडलं, आता बसलेत उंबऱ्यावर राखणीला.’ मधेमधे देवाचं नाव होतं, पण तेही त्यालाच गाऱ्हाणं सांगण्यासाठी.

नऊ वर्षं ते रोज सकाळी देवासमोर बसून, आतल्या त्या हलत्या ओठांकडे बघून मनात म्हणायचे, काय भक्ती आहे हिची!

त्यांना आधी हसू आलं. रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर झाले. सकाळी पाटावर बसले. आत नेहमीचं सुरू झालं, आणि हेब्बाळ आल्याबरोबर ते म्हणाले, “विचारलं नाही, हे खरं. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

पळी पडली. पळी पडल्याचा आवाज त्यांनी लख्ख ऐकला. त्यानंतर आत काहीच ऐकू आलं नाही.

*

अकरा दिवस सत्यवतीबाई सोवळ्यात एक शब्द बोलल्या नाहीत. ओठ शिवल्यासारखे. पळी ठेवायच्या तीही हलक्या हातानं. याच दिवसांत चाचणी झाली आणि वीसपैकी बारा आले. सुप्रीतानं ती चौकट टेबलावर आपटून टाळ्या वाजवल्या. मोठे साहेब पुन्हा येऊन कागद बघून गेले, या वेळी त्रिविक्रमरावांशी हात मिळवून. रघुनंदन रिक्षात बसल्यावर लिहायला तळहात शोधायला लागला, मग थांबला आणि सावकाश म्हणाला, “अण्णा, त्या वेळी मी… चुकलंच माझं.”

“सरी,” त्रिविक्रमराव म्हणाले. त्यांना ते ऐकू आलं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण ज्या आवाजासाठी एवढं केलं, तो आता त्यांना बघून बंद होतो, याचं काय करायचं? राजलक्ष्मी बोलायला लागली, शेजारचे दत्ता उपाध्ये बोलायला लागले, भाजीवाली बोलते तेही निम्मं कळायला लागलं. घरात एकच माणूस मुकं झालं होतं.

बाराव्या दिवशी ते उंबऱ्याशी बसले आणि म्हणाले, “बोल.”

आत विळीवर पडवळ चिरलं जात होतं.

“अगं, बोल. शिव्या दे.”

“मी शिव्या देत नव्हते,” सत्यवतीबाई पुटपुटल्या. त्रिविक्रमरावांनी हात कानामागे नेला, चकती नीट बसवली.

“मग काय देत होतीस?”

“तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून बोलत होते.”

“आता येतंय.”

“म्हणूनच. तोंडावर का बोलायचं असतं ते?” त्यांचा आवाज चढला. “माणसानं एक कोपरा तरी ठेवावा की नाही दुसऱ्याला? तोही घेतलात. वर वहीत लिहून घेतलंत, कोर्टात दिल्यासारखं!”

हे इतकं लांब वाक्य त्यांना सलग कळलं. त्यातला शेवटचा घाव तर फारच स्पष्ट कळला. मग त्यांनी वही उघडली.

“एक विचारू? रागावू नकोस. यात एक वाक्य आहे. रोज आहे. सगळ्यात जास्त वेळा हेच आहे, हेब्बाळपेक्षाही. आणि मला काही केल्या लागत नाही. आधी ‘डावा’ आहे. मग काहीतरी. शेवटी ‘दसरा’. काय आहे ते?”

विळी थांबली.

सत्यवतीबाई पदरानं हात पुसत बसल्या. मग भिंतीकडे तोंड करून काहीतरी म्हणाल्या.

“इकडे बघून बोल. परत सांग.”

त्यांनी सांगितलं. त्रिविक्रमरावांच्या डोक्यात ते तुकड्या-तुकड्यांत आलं. “परत.”

“डावा डोळा गेला म्हटलं! गेला हो, गेला!” त्या ओरडल्या.

“ओरडू नको. ओरडलं की फाटतं. हळू सांग.”

आणि सत्यवतीबाईंनी, ज्यांनी ही गोष्ट सोवळ्यातल्या भांड्यांना आणि बहिऱ्या नवऱ्याला दोन-अडीच महिने सांगितली होती, ती पहिल्यांदा एकेक शब्द सुटा करून सांगितली. दसऱ्याच्या दिवशी सकाळी उठले, तर डाव्या डोळ्यात काहीच नव्हतं. उजेडही नाही. रघूला सांगितलं नाही. घरात एका म्हाताऱ्याच्या कानाचं चाललंय, साइट गेलीय, त्यात आता दुसऱ्या म्हातारीचे डोळे कुठे काढायचे? म्हणून तुम्हालाच सांगत होते. तुम्हाला ऐकू येत नाही, हे ठाऊक होतं. पण कुणाला तरी सांगायला हवंच होतं ना.

त्रिविक्रमरावांनी हिशेब केला. दसरा म्हणजे यंत्र सुरू झाल्यानंतर. त्या सकाळी पेटी कपाटात होती.

“आज दुपारी डॉक्टरकडे जायचं,” ते म्हणाले. “गेलेला परत यायचा नाही, पण उजवा राखायला हवा. राजीला फोन करतो, तिला सुटी काढू दे.” फोनवर त्यांना काही कळणार नव्हतं, पण बोलता तर येणार होतं.

“आज शनिवार आहे. शनिवारी कुठे भेटतो तो?”

“भेटेल. उजव्यात किती आहे?”

“आहे थोडं.”

“थोडं म्हणजे किती? नीट सांग. मी कुठे दिसतो?”

सत्यवतीबाईंनी मान थोडी वळवली, पक्षी वळवतो तशी, एका बाजूनं. “धोतर दिसतंय. पांढरं. तोंड नाही दिसत.”

त्रिविक्रमराव पाटासकट पुढे सरकले. पेटीची वायर धोतरात अडकली, ती सोडवली. “आता?”

“अंहं.”

ते आणखी वीतभर सरकले. गुडघे उंबऱ्याला लागले. “आता?”

“नाक आहे काहीतरी.” त्यांनी डोळा बारीक केला, आणि एकदम हात वर केला. “अय्यो, तिथेच थांबा! शिवाल!”

ते थांबले. “परत सांग,” ते म्हणाले, “काय काय दिसतंय?”